मोठ्या बॅटरीची भीती, छोट्या बॅटरीचा त्रास

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात लिहून गेले की आमच्या घरची गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, आहे आणि नऊ वर्षं झाली तरी मूळच्याच बॅटरीवर चालते. त्यानंतर पत्रांचा असा पाऊस पडला की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. पत्रं चाळताना एक गंमत लक्षात आली. ज्यांनी गाडी अजून घेतलेली नाही, ते बहुतेक मोठ्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या, बॅटरीबद्दल विचारतात. ज्यांच्या दारात ती उभी आहे, त्यांच्यापैकी एकाचीही मोठ्या बॅटरीबद्दल तक्रार नाही! मी गाडीदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं शिकवलं आणि घरात पाच माणसं नि एक मांजर सांभाळून ही गाडी चालवते. जे सांगते ते तेवढ्याच अनुभवावर. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. आता गाडी घेतली तर बारा-पंधरा वर्षं टिकावी, पुन्हा घेणं होणार नाही. मुलगा हायब्रिड घ्या म्हणतो. शेजारी म्हणतात, आठ वर्षांत बॅटरी जाते आणि मग गाडी भंगारात. कुणाचं ऐकावं?

मुलाचं. पण शेजाऱ्यांनाही वेड्यात काढू नका. त्यांची शंका मोबाइलवरून आलेली आहे. मोबाइल आपण रात्री शंभर टक्के भरतो, संध्याकाळपर्यंत पार खाली आणतो, आणि तीन वर्षांत त्याचा जीव जातो. हायब्रिड गाडीत बॅटरी किती भरायची नि किती उतरवायची हे आपल्या हातात नसतं, आणि ते बरंच आहे. गाडीचा संगणक तिला साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानच खेळवतो. पडद्यावर सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसतात तेव्हाही ती काठोकाठ भरलेली नसते. शिवाय ती खऱ्या अर्थाने साठा करणारी बॅटरी नाहीच. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस या हायब्रिडचं उदाहरण घ्या. तिच्या बॅटरीची क्षमता सुमारे १.३ युनिट, म्हणजे हजार वॉटची इस्त्री तासाभरापेक्षा थोडी जास्त चालेल एवढीच वीज. ब्रेक मारला की थोडी आत, सुटताना थोडी बाहेर. घरातल्या सुट्या पैशांच्या डब्यासारखं.

म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा उष्णता मोजा. त्याच प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल एका माळेत आहेत, सगळ्यांचे मिळून २०१.६ व्होल्ट. माळेतला एक मणी कमजोर झाला की सगळी माळ त्याच्या तालावर चालते. आणि मणी कमजोर होतो तो बहुधा गरम होऊन. बॅटरी थंड ठेवायला एक छोटा पंखा असतो, तो गाडीच्या आतली, आपण बसतो तिथली हवा ओढतो. ती हवा जाते मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असलेल्या एका साध्या जाळीतून. त्या जाळीवर मुलं दप्तर टाकतात, आजी शाल ठेवतात. आमच्याकडे मांजर त्या सीटवर झोपतं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात मागून घरघर ऐकू यायला लागली. मी आठवडाभर तिकडे दुर्लक्ष केलं. मग जाळी काढली तर आतल्या फिल्टरवर केसांचा जाड नमदा बसलेला. पंखा बिचारा त्यातून श्वास ओढायला बघत होता. वर्गात ‘आधी हवेचा मार्ग बघा’ म्हणून मुलांच्या डोक्यावर घण घालणारी मी, आणि माझ्याच गाडीची ही तऱ्हा. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनर फिरवते. पाच मिनिटांचं काम आहे. (सगळ्याच गाड्यांत अशी जाळी नसते, काहींची बॅटरी वेगळ्या पद्धतीने थंड होते. गाडीसोबतचं पुस्तक बघा.)

हमीचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्या या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी देतात. ‘आठ वर्षांत जाते’ ही दंतकथा बहुतेक इथूनच जन्मली असावी. हमी संपते त्या दिवशी बॅटरी मरत नाही. आणि समजा पंधराव्या वर्षी गेलीच, तर कुणी ‘खराब झालेला तेवढाच भाग बदलून देतो’ म्हणालं तर सावध राहा. बाकीचेही त्याच वयाचे आहेत. दोन-चार महिन्यांत दुसरा बसतो. मी असं जोडकाम गाडी विकायला काढलेल्यांच्याच हातून होताना जास्त पाहिलं आहे.

तीन आठवडे बाहेरगावी होतो. परत आलो तर गाडी ठार. कुलूपसुद्धा रिमोटमधली लपवलेली चावी काढून उघडावं लागलं. पोटात एवढी मोठी बॅटरी असताना गाडी सुरू होऊ नये?

घर धान्याने भरलेलं आणि कोठीची किल्ली विहिरीत, तसं झालं. गाडी बंद केली की मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडली जाते. ती पुन्हा जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढायला १२ व्होल्टची साधी बॅटरी लागते. ही बॅटरी इतर गाड्यांपेक्षा बरेचदा लहानच असते, कारण तिला इंजिन फिरवायचं नसतं, फक्त संगणक जागा करायचा असतो. इकडे कुलूप, अलार्म, रिमोटची वाट बघणारा अँटेना, हे सगळे रात्रंदिवस तिच्यातून घोट घोट पीत असतात. तीन आठवड्यांत डबा रिकामा.

आमची पहिल्यांदा अशी मेली तेव्हा मजाच झाली. १२ व्होल्टची बॅटरी डिकीच्या कोपऱ्यात, आणि डिकीचं कुलूप विजेवर उघडणारं! नवरा एका मेकॅनिकला घेऊन आला. तो म्हणाला, चार माणसं बोलवा, धक्का मारू. मी खिडकीतूनच ओरडले. हायब्रिड धक्क्याने सुरू होत नाही, कितीही माणसं लावा. अशा गाड्यांत बॉनेटखाली जंपसाठी, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज वायरने घेण्यासाठी, वेगळं टर्मिनल दिलेलं असतं, बहुधा फ्यूजच्या पेटीत, लाल झाकणाखाली. लाल वायर तिथे, काळी वायर इंजिनच्या बाजूच्या उघड्या धातूला. संगणक जागा करण्यापुरतीच वीज लागते, त्यामुळे गाडी लगेच सुरू होते. उलट, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप देऊ नका. त्या गाडीचा स्टार्टर जेवढा करंट मागेल तेवढा देण्याची आपल्या नाजूक यंत्रणेची तयारी नसते. शेजारधर्म म्हणून वायर द्या, गाडी देऊ नका.

गाडी खेचून न्यायची वेळ आली तर ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे ती चाकं जमिनीवर फिरता कामा नयेत. मोटर फिरली की वीज तयार करते, आणि ती जायला जागा नसते.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’मध्ये, म्हणजे सुरू करून निघायच्या तयारीत, ठेवायला सांगा. नुसते दिवे-रेडिओ लागतात त्या स्थितीत ठेवलं तर उलट बॅटरी आणखी उतरते. गिअरचा दांडा ‘पी’मध्ये (पार्क) ठेवायचा, ‘एन’मध्ये (न्यूट्रल) मोठी बॅटरी भरत नाही. आणि हे सगळं मोकळ्या हवेत करायचं, ही या अंकातली सर्वांत महत्त्वाची ओळ समजा. ‘रेडी’मध्ये गाडी गप्प उभी असते आणि वाटेल तेव्हा स्वतःहून इंजिन सुरू करते. बटणाने सुरू होणारी गाडी बंद करायला विसरल्यामुळे, बंदिस्त गॅरेजला लागून असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं दगावलेली आहेत. आमच्याकडेही नवरा एकदा गाडी ‘रेडी’मध्येच सोडून वर आला होता. आवाजच नाही, तर आठवण कशी येणार? आता उतरताना पडदा काळा झाला की नाही हे बघायचं काम धाकटीकडे आहे. ती ते जरा जास्तच उत्साहाने करते.

शाळा, क्लास, भाजी, दवाखाना, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. गाडी गावातच फिरते, म्हणजे हायब्रिडसाठी आदर्श, असं विक्रेत्याने सांगितलं. प्रत्यक्षात जाहिरातीतल्या आकड्याच्या आसपासही जात नाही. गाडीत दोष आहे का?

दोष गाडीत नाही. ‘गावातच’ या शब्दात आहे. हायब्रिडला गर्दी मानवते, पण तुटक फेऱ्या मानवत नाहीत.

सकाळी थंड गाडी सुरू केलीत की मिनिटभरातच इंजिन लागतं, बॅटरी भरलेली असली तरी. कारण धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर स्वच्छ करत नाही, आणि त्याला तापवायला इंजिनच लागतं. त्या वेळी संगणकाला तुमच्या पेट्रोलची पर्वा नसते. थंडीत हीटर लावलात तर आणखीच, कारण आतली ऊब इंजिनच्या पाण्यातून येते. दोन किलोमीटर झाले, इंजिन नुकतं तापलं, आता बंद होऊन खरी बचत सुरू होणार, एवढ्यात शाळा आली. तासाभराने पुन्हा थंड, पुन्हा पहिल्यापासून. (गारव्याचं तसं नाही. एसीचा कॉम्प्रेसर या गाड्यांत विजेवर चालतो. सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते.)

शक्य असेल तिथे चार फेऱ्यांची एक खेप करा आणि त्यात सगळ्यात लांबचं ठिकाण आधी गाठा, म्हणजे इंजिन एकदाच तापेल. इंजिन ऑइल किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर बदला. अर्धवट तापणाऱ्या इंजिनात ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरत राहतं. आणि तुम्हाला आवडणार नाही ते सांगते. सगळा वापर असाच असेल आणि घरी प्लगची सोय असेल, तर तुम्हाला हायब्रिडपेक्षा विजेची गाडी योग्य होती.

आमच्या इमारतीत पार्किंगला प्लग नाही. तरी प्लग-इन हायब्रिड (घरच्या प्लगवर भरता येणारी) घेऊन ठेवावी का? पुढेमागे सोय होईलच.

नको. प्लग न लावलेली प्लग-इन म्हणजे जड बॅटरी पाठीवर घेऊन फिरणारी पेट्रोलची गाडी. सोय झाली की घ्या.

जावयांचं म्हणणं, हायवेवर हायब्रिडचा काही उपयोग नाही. आम्ही महिन्यातून दोनदा लांबचा प्रवास करतो. खरं का?

अर्धं खरं. हायब्रिडची मोठी कमाई ब्रेकमधून होते. एरवी जी गती उष्णता होऊन वाया गेली असती, तिची ती वीज करते. सरळ रस्त्यावर तासभर ब्रेकच लागला नाही, तर कमावणार काय?

पण जावई इंजिन विसरले. या गाड्यांत बहुतेकदा ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही कल्पना १८८२ साली मांडली. पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबण्याचा फेरा आखूड आणि ते पेटल्यानंतर ढकलण्याचा फेरा लांब, म्हणजे जळलेल्या वायूतली ताकद शेवटपर्यंत पिळून घ्यायची. त्याच्या इंजिनात त्यासाठी दांड्यांची भलतीच गुंतागुंत होती. आज तेच काम मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद करून साधतात. अशा इंजिनाची खोट अशी की ते कमी वेगात मरगळलेलं असतं. शंभरेक वर्षं त्याला कुणी गाडीत फारसं विचारलं नाही ते त्यामुळेच. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पहिली प्रियस आली, तेव्हा ती मरगळ भरून काढायला शेजारी विजेची मोटर होती. चौथ्या पिढीच्या प्रियसपर्यंत या इंजिनाने पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांपर्यंत कामाला लावून दाखवली. पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा मान ताठ करण्यासारखा आहे. हे इंजिन हायवेवरही तुमच्यासोबत असतंच.

फरक पडतो तो तुमच्या पायाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दीडपट. टपावर सामानाची पेटी बांधून १२० ने जायचं आणि मग हायब्रिडला नावं ठेवायची, हे काही बरोबर नाही. जावयांना माझा नमस्कार सांगा.

सर्व्हिसिंगला ब्रेकचे पॅड जवळजवळ नवे निघाले, पण डिस्क गंजल्यात, बदला म्हणाले. मला यात बनवाबनवी वाटते.

यात दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तुम्ही हळुवार ब्रेक लावता तेव्हा गाडी मोटरनेच मंदावते. डिस्क आणि पॅड एकमेकांना भेटतात ते अगदी शेवटी, चाक थांबता थांबता. न घासलेल्या लोखंडावर गंज चढणारच. वरवरचा तांबूस पापुद्रा काही नाही, दोन-चार ब्रेकमध्ये जातो. डिस्कवर बोट फिरवून खड्डे लागत असतील तर मात्र ते खरं बोलत आहेत. (गाडी थंड असताना बघा!) आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक लावायची सवय ठेवा. कॅलिपरच्या (पॅड धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) पिना वर्षातून एकदा साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्या; पॅड झिजले नाहीत म्हणून चाक उघडायचंच नाही, अशाने पिना जाम होतात. ब्रेक ऑइल ठरल्या वेळी बदला, ते वापराने नाही, वयाने खराब होतं.

लांब घाट उतरताना गिअरच्या दांड्यावरचा ‘बी’ लावा. त्यात इंजिनही गाडीला रोखून धरतं. सपाट रस्त्यावर जास्त वीज मिळेल या आशेने ‘बी’मध्ये चालवणारेही भेटतात. मिळत नाही.

मी नववीत आहे. आमच्या गाडीत क्लच नाही, गिअरही बदलताना जाणवत नाही. मग इंजिन आणि मोटर एकाच चाकाला एकाच वेळी कशा फिरवतात? भांडत नाहीत का?

या अंकातला सर्वांत छान प्रश्न! तुझी गाडी कुठली ते तू लिहिलं नाहीस, म्हणून टोयोटाच्या पद्धतीचं सांगते. मी वर्गात तीच उघडून दाखवायचे.

मध्ये एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणायचं. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, ते ग्रह. आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं मोठं कडं. सूर्याला एक छोटी मोटर जोडलेली, ग्रहांना धरणाऱ्या चौकटीला इंजिन, आणि कड्याला मोठी मोटर व गाडीची चाकं. या तिघांपैकी कुठल्याही दोघांचा वेग ठरला की तिसऱ्याचा आपोआप ठरतो. म्हणजे भांडण नाही, हिशेब आहे. प्रियसच्या पहिल्या तीन पिढ्यांत सूर्याला ३० आणि कड्याला ७८ दाते होते. त्या प्रमाणात इंजिनाच्या पिळातला, म्हणजे फिरवण्याच्या जोरातला (टॉर्क), सुमारे ७२ टक्के भाग सरळ चाकांकडे जातो आणि २८ टक्के छोट्या मोटरकडे, जिथे त्याची वीज होते. छोट्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिनाचा वेग बदलतो, गाडी त्याच वेगात असली तरी. हाच तुझा न जाणवणारा गिअर. इंजिन सुरू करायचं कामही तीच छोटी मोटर करते, म्हणून स्टार्टर नाही. मागे जायचं तर मोठी मोटर उलटी फिरते, म्हणून रिव्हर्स गिअरही नाही.

सगळ्या कंपन्यांचं असं नसतं. निसानच्या ई-पॉवर गाड्यांत इंजिन चाकांना शिवतसुद्धा नाही, ते फक्त वीज तयार करतं. एक ताकीद: बॉनेट उघडून बघ, पण नारिंगी वेष्टनाच्या वायरना हात लावायचा नाही. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये मोटरकडे जाणारा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवलेला असतो.

गाडी मागे घेताना आवाजच होत नाही. अंगणात नातवंडं खेळतात. भीती वाटते. शिवाय सिग्नलला इंजिन बंद पडलं की माझा जीव वर-खाली होतो.

आजी, पहिली भीती रास्त आहे. नव्या गाड्या कमी वेगात मुद्दाम एक घुमल्यासारखा आवाज करतात. संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम ताशी २० किलोमीटरपर्यंत तो आवाज मागतो. आमची गाडी त्याआधीची, मुकी. म्हणून आमच्याकडे गाडी मागे घेण्याआधी एक मोठं माणूस उतरून मागे उभं राहतं आणि मुलं त्याच्या बाजूला येईपर्यंत गाडी हलत नाही. कॅमेरा आहे, तरीही.

दुसऱ्या भीतीला माझ्याकडे औषध नाही. पडद्यावर हिरवं ‘रेडी’ दिसतंय तोवर गाडी जिवंत आहे, हे मी सासूबाईंना नऊ वर्षं दाखवते आहे. परवा सिग्नलला गाडी शांत झाली आणि मागून आवाज आलाच, ‘अगं, बंद पडली का?’